आजीला साल विचारू नये
गावच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदवण्याची रीत

१. औषध घेतल्याचे आठवत नाही, मग सत्तर वर्षांपूर्वीचे कसे आठवते?

गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवाव्यात असे कोणी म्हटले, की पहिली शंका घरातूनच निघते. ज्यांना सकाळी औषध घेतले की नाही हे सांगता येत नाही, त्यांचे सत्तर वर्षांपूर्वीचे बोलणे खरे कसे मानायचे?

शंका रास्त आहे. पण नवी गोष्ट मनात साठवणे आणि पूर्वी साठवलेली बाहेर काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. म्हातारपणी पहिले काम अवघड होत जाते, दुसरे बरेच दिवस चालू राहते. उतारवयातील माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावून मानसशास्त्रज्ञांनी अनेक देशांत पाहणी केली, तेव्हा साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर वर्षांपेक्षा दाट असल्याचे दिसले. लग्न, पहिली मजुरी, पहिले मूल, गाव सोडणे या गोष्टी बहुतेकांच्या बाबतीत याच वयात घडतात. म्हणून पंच्याऐंशी वर्षांची बाई परवाच्या लग्नातले जेवण विसरते, पण सासरी आल्यावर पाणी कोणत्या विहिरीवरून आणायची हे पायरीसकट सांगते.

आठवण टिकली म्हणजे ती जशीच्या तशी राहिली असे मात्र नाही. पांढऱ्या मातीची भिंत दर दिवाळीला सारवतात. भिंत आजोबांच्या हातची असते, वरचा पापुद्रा गेल्या दिवाळीचा असतो. आठवणही दर वेळी सांगताना अशीच थोडी नव्याने सारवली जाते. ऐकलेले, वाचलेले, मुलांनी दुरुस्त केलेले त्यात मिसळते. यावरून एक उतरंड लावता येते. रोज केलेले काम सर्वांत पक्के आठवते, कारण ते हजारो वेळा केलेले असते. एकदाच घडलेली मोठी घटना त्याखालोखाल. साल आणि तारीख सर्वांत कच्ची. गावचा इतिहास लिहायला निघालेले उत्साही तरुण नेमके उलटे करतात. वही उघडतात आणि विचारतात, ‘आजी, हे कोणत्या साली झालं?’ आजी गोंधळते, ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणते आणि मुलाखत तिथेच मरते.

२. सांगोल्याचे कागदावर काय आहे?

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला तालुका माणदेशात मोडतो. माण नदीच्या खोऱ्यातला हा कमी पावसाचा मुलूख. इतिहासाच्या पुस्तकांत सांगोल्याचे नाव येते ते १७५० च्या करारामुळे. छत्रपती रामराजे आणि पेशवे यांच्यातला हा करार इथे झाला आणि राज्याचा कारभार खऱ्या अर्थाने पेशव्यांच्या हाती गेला. पुढे इंग्रजांनी १८८४ मध्ये सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. त्यात जिल्ह्यातली पिके, बाजार, जाती, देवळे, दुष्काळ यांची नोंद आहे. पण ती साहेबाच्या कचेरीतून दिसणारी. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी पंढरपूरहून सांगोल्यामार्गे मिरजेपर्यंत गेली. १९६२ पासून गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षातर्फे इथून अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले, त्याची तर राज्यभर नोंद झाली. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालमधील शालिमारला निघाली.

करार, गाडी, निवडणूक, पुन्हा गाडी. यात मोटेवरचा माणूस नाही, घोंगडी विणणारा नाही, मेंढरे घेऊन सहा-सहा महिने गावाबाहेर राहणारे कुटुंब नाही. वाङ्मयात थोडेफार आले, ते शेजारच्या आटपाडी भागातल्या लेखकांमुळे : व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ चे, शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ त्यानंतर तीसेक वर्षांनी. ही मोठ्या लेखकांची पुस्तके झाली. असा लेखक तालुक्यातल्या प्रत्येक गावाला मिळत नाही. बाकीचे सगळे माणसांच्या डोक्यात आहे.

३. न विचारता साल कसे काढायचे?

जुन्या माणसांची कालगणना घटनांवर चालते. ‘थोरल्याच्या पाठीवरची झाली तेव्हा’, ‘मिलो (रेशनची परदेशी ज्वारी) खाल्ला त्या साली’, ‘आबा पडले त्या वर्षी’. नोंदवणाऱ्याने या घटनांची एक यादी आधी तयार ठेवावी. सांगोल्यापुरती ती साधारण अशी होईल : गांधीजींची हत्या आणि त्यानंतरची जाळपोळ, जानेवारी-फेब्रुवारी १९४८, त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादची पोलिस कारवाई, नवे पैसे, एप्रिल १९५७, महाराष्ट्र राज्य, मे १९६०, कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, मोठा दुष्काळ, १९७२-७३, आणीबाणी, १९७५ ते ७७, किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. यात गावच्या आपल्या घटना भराव्यात : वीज आली, पहिली एस.टी. आली, पहिले इंजिन विहिरीवर बसले, अमका तलाव फुटला किंवा भरला.

यादी असली तरी एक सावधगिरी लागते. वरच्या यादीतले दोन्ही भूकंप पहाटेचे आहेत. ‘पहाटे भांडी वाजली, सगळी अंगणात आली’ एवढ्यावर कोणता भूकंप हे ठरत नाही. मग भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी काय चालले होते हे विचारावे. गणपती बोळवले होते असे उत्तर आले तर तो किल्लारीचा, कारण ती रात्र अनंत चतुर्दशीची होती. कडाक्याची थंडी होती, शेकोटी होती असे आले तर कोयनेचा.

पैशांचेही तसेच. कोणी ‘आठ आणे मजुरी’ म्हटले म्हणून ती गोष्ट १९५७ च्या आधीची ठरत नाही. चार आणे, आठ आणे, बारा आणे हे शब्द नवे पैसे आल्यावरही तोंडात राहिले. ‘सहा आणे’ किंवा ‘पाच आणे’ आले तर मात्र कान टवकारावेत. तो हिशेब बहुधा जुन्या नाण्यांचा.

आता एक पूर्ण उदाहरण. समजा, एक आजी सांगते : ‘आबा पडले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी खडीवर जात होते. थोरला कडेवर, अजून पाय फुटले नव्हते. सुकडी मिळायची.’ आबा म्हणजे गणपतराव. ते दोनदा पराभूत झाले, १९७२ आणि १९९५ मध्ये. खडी फोडण्याची दुष्काळी कामे आणि त्या कामांवर वाटला जाणारा सुकडी हा कोरडा आहार यांवरून १९७२ निश्चित होते. त्या वर्षीची निवडणूक मार्चमध्ये झाली, पाऊस त्यानंतर गेला, आणि राज्यभर कामांवर सर्वांत जास्त गर्दी झाली ती १९७३ च्या उन्हाळ्यात. तेव्हा महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. म्हणजे आजीचा काळ १९७३ चा मार्च ते जून. मूल चालत नव्हते, तेव्हा ते फार तर वर्षभराचे. जन्म १९७२ च्या उन्हाळ्यात किंवा त्यानंतर. शाळेच्या रजिस्टरात त्याची जन्मतारीख १ जून १९७० सापडली, तर आजीला खोटे पाडू नये. महाराष्ट्रातल्या एका सबंध पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण पोर शाळेत घालायला आणले की गुरुजी वयात बसेल अशी तारीख घालून देत. इथे कागदापेक्षा कडेवरचे मूल जास्त विश्वासाचे.

उलटेही घडते. जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल बुकात त्या वेळीच झालेली असते, ती शाळेच्या दाखल्यापेक्षा वजनदार. जमीन कोणाच्या नावावर कधी चढली हे फेरफार उताऱ्यावरून कळते. भावकीत त्याबद्दल चार जणांच्या चार आठवणी असतात. नाती आणि पिढ्या जुळवायला हेळव्यांची वही उपयोगी पडते. हे लोक गावोगाव फिरून ठरलेल्या घराण्यांची वंशावळ वाचतात आणि नवी नावे चढवतात.

४. प्रश्न कसे असावेत?

कामाचे असावेत. ‘पूर्वीची शेती कशी होती?’ या प्रश्नाला ‘लई कष्ट होते बघा’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी मोट विचारावी. मोट चामड्याची की पत्र्याची? बैल दोन की चार? स्वतःचे की पडकईने आणलेले? नाडा कोण वळून देई, सोंदूर किती दिवस टिके? धावेवरून बैल मागे कसे सारत? थारोळ्यात पडलेले पाणी दंडाने शेवटच्या वाफ्यात जाईपर्यंत किती वेळ लागे, आणि दारे कोण धरी? मोटेवर ज्याने सकाळी गाणी म्हटली आहेत तो माणूस एवढ्यावर तासभर बोलतो. त्या तासात पाण्याची वाटणी, बलुत्याचा हिशेब, बैलाची किंमत, घरातल्या बाईचा दिवस हे सगळे न विचारता येते.

घोंगडीचेही असेच. सांगोल्याकडे मेंढपाळी आणि लोकर यांचे जुने नाते आहे. लोकर कधी कातरत, पिंजत कोण, सूत कातायचे काम घरातल्या कोणत्या बायांकडे, चिंचोक्याची खळ कशी शिजवत, ती घोंगडीला देऊन वाळवायला ऊन किती लागे, विक्रीला कोणत्या बाजारात नेत, उधारी कधी वसूल होई. हात आठवू लागले की तोंड आपोआप आठवते, म्हणून शक्य असेल तिथे हत्यार समोर ठेवावे. माळ्यावर पडलेली चात, गंजलेला विळा, जुना फोटो, लग्नपत्रिका यांपैकी काहीही चालते.

प्रश्नात उत्तर पेरू नये. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली आणि मोटारींचा वेग विचारला. काहींना ‘मोटारी आदळल्या तेव्हा’ असे विचारले, काहींना ‘मोटारी लागल्या तेव्हा’. पहिल्यांनी सरासरी ताशी सुमारे ४१ मैल सांगितला, दुसऱ्यांनी ३४. अशाच दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर काच फुटलेली दिसली का असे विचारल्यावर ‘आदळल्या’ ऐकलेल्यांपैकी जास्त जण ‘हो’ म्हणाले. फिल्ममध्ये फुटकी काच नव्हतीच. फिल्म पाहून आठवडा झालेल्या तरुणांची ही गत, तर पन्नास वर्षे उलटलेल्या माणसाला ‘दुष्काळात तुमचे फार हाल झाले असतील ना?’ असे विचारून काय मिळणार? विचारणाऱ्याला हवे तेच. त्यापेक्षा, कामावर निघण्याआधी चुलीवर काय शिजे आणि दुपारी सावली कुठे मिळे, एवढे विचारून गप्प बसावे. गप्प बसणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे. म्हातारा माणूस थांबला की त्याला सुचत नाही असे समजून मध्ये बोलू नये. बहुधा तो आठवत असतो.

५. कोणाकडे जावे?

गावचा इतिहास म्हणून आजवर जे छापले गेले, ते बरेचसे माजी सरपंच, निवृत्त मुख्याध्यापक आणि देवस्थानचे पंच यांच्या तोंडून आलेले असते. ही मंडळी बोलकी, सोयीची आणि चहा देणारी. त्यामुळे स्मरणिकांत सगळीकडे एकच गाव दिसते : एकोप्याने नांदणारे, यात्रा-जत्रा थाटात करणारे. महारवाडा, मांगवाडा, धनगरांची वस्ती, वडारांची पाले इथून पाहिले तर तेच गाव वेगळे दिसते. पाणवठा कोणाचा होता आणि कोणाला तिथे घागर बुडवता येत नव्हती, हे पाटलांच्या वाड्यात विचारून पुरते कळत नाही.

मराठीत या कामाचा उत्तम नमुना आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. चळवळीच्या कागदपत्रांत या बायांची नावेही क्वचित होती. परिषदांना जाणाऱ्या, वसतिगृहे चालवणाऱ्या, सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या या स्त्रिया विचारणारे कोणी येईपर्यंत इतिहासाबाहेर होत्या. मुंबईच्या गिरणगावाबाबत नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी शंभर आवाज गोळा करून तसेच पुस्तक केले. आणि आकाराने सर्वांत मोठे काम जात्यावरच्या ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या या प्रकल्पात हजाराहून अधिक गावांतल्या ३,३०० वर बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. मुलाखतीत ‘मला काय कळतंय’ म्हणणारी बाई ओवीत सासूपासून बाबासाहेबांपर्यंत सगळ्यांबद्दल स्वतःचे मत सांगते. गिरणी आली, जाते थांबले, गाणेही थांबले. ज्यांना ओव्या येतात त्या बाया आता साठीच्या अलीकडे सापडणे कठीण.

बाईशी बोलताना जागा महत्त्वाची. ओसरीवर नवरा किंवा मुलगा बसला असेल तर प्रश्न बाईला विचारला जातो आणि उत्तर तो देतो. परड्यात, भाकरी थापताना, शेंगा फोडताना, शक्यतो दुसऱ्या बाईने विचारले तर बोलणे होते. गावात नसलेल्यांनाही विसरू नये. माणदेशातून गिरण्यांत गेलेले, ऊसतोडीला जाणारे, सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यापायी देशभर पांगलेले यांच्याकडे गाव जिथे सोडले त्या दिवसापर्यंतचे शाबूत असते, कारण नंतरच्या बदलांनी ते पुसलेले नसते.

६. चूकही फेकू नये

इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या कारखान्याच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ मध्ये एका मोर्चात पोलिसांच्या हातून मारला गेला. मोर्चा नाटो कराराविरुद्धचा होता. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तीस वर्षांनी गावातल्या कामगारांना विचारले, तेव्हा अनेकांनी ठामपणे सांगितले की तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला. कागद त्यांना खोटे ठरवतात. पोर्तेल्लींनी विचारले, इतकी माणसे एकाच दिशेने का चुकली? कपातीचा लढा गावाच्या जिव्हारी लागलेला होता. आपल्या माणसाचे मरण त्या लढ्यात घडले असते तर त्याला अर्थ आला असता, म्हणून आठवणीने ते तिकडे नेऊन ठेवले. अशी चूक तारखेबद्दल काही सांगत नाही, माणसांना काय बोचत होते ते सांगते.

सांगोल्यात अशी सरमिसळ दुष्काळांची होते. १९७२ नंतर २००३, २०१२-१३, २०१८-१९ असे दुष्काळ येत गेले आणि ‘बहात्तर’ हे त्या सगळ्यांचे एक नाव होऊन बसले. चारा छावणीचा एखादा प्रसंग बहात्तरच्या गोष्टीत शिरतो. अशा वेळी टोकू नये, नोंद तशीच ठेवावी आणि समासात शंका लिहावी. मोठी माणसे स्वतःच या दुष्काळांत एक फरक करतात, तो ऐकण्यासारखा असतो : बहात्तर साली विहिरींना थोडेफार पाणी होते पण खायला दाणा नव्हता, पुढच्या दुष्काळांत रेशनवर दाणा मिळाला, पण विहीर तळ दाखवत होती. मध्ये काय बदलले, हा प्रश्न इथून सुरू होतो आणि तो विंधन विहिरी, ऊस, डाळिंबाच्या बागा, १९९३ पासूनच्या पाणी परिषदा, टेंभू-म्हैसाळच्या पाणी योजना असा लांबवर जातो.

७. ध्वनिमुद्रण आणि उतरवणे

यंत्राबद्दल फार सांगण्यासारखे नाही. साधा मोबाईल पुरतो. तो विमान मोडवर टाकावा, बोलणाऱ्याच्या जवळ मऊ कापडावर ठेवावा, पंखा आणि टीव्ही बंद करावा. सुरुवातीला दिनांक, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव आवाजातच नोंदवावे. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त दमवू नये. दुसरी बैठक पहिलीपेक्षा नेहमी चांगली होते, कारण मधल्या दिवसांत माणूस स्वतःशी आठवत राहतो. मूळ फाईल व्हॉट्सॲपवर ढकलून मोकळे होऊ नये, तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात.

एक तासाचे बोलणे कागदावर उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात. बहुतेक उपक्रम इथेच बंद पडतात. ज्यांना सगळे उतरवणे झेपत नाही त्यांनी निदान दर पाच मिनिटांना विषय काय होता याची यादी करावी. उतरवताना भाषा सुधारू नये. ‘व्हता’, ‘न्हाई’, ‘त्यो’ यांचे ‘होता’, ‘नाही’, ‘तो’ केले की माणदेशी माणूस आकाशवाणीच्या बातम्या दिल्यासारखा बोलू लागतो.

८. परवानगी

आठवण सांगणाऱ्याची असते, पण तिच्यात माणसे गावातली असतात. कोणी बांध कोरला, कोणाची सून नांदली नाही, १९४८ ला कोणाचे घर कोणी पेटवले, हे सांगताना नावे येतात आणि त्यांची नातवंडे शेजारीच राहत असतात. म्हणून सुरुवातीला उद्देश सांगून होकार घ्यावा आणि शेवटी पुन्हा विचारावे : यातले काय सगळ्यांना ऐकवायचे, काय झाकून ठेवायचे? ‘यंत्र बंद कर’ म्हटले की तत्क्षणी बंद करावे. जिवंत माणसांवरचे आरोप नावे गाळून ठेवावेत, किंवा तो भाग ठरावीक वर्षे बंद ठेवावा. ध्वनिमुद्रणाची एक प्रत बोलणाऱ्याच्या घरी द्यावी, एक गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवावी. ज्या घरातून घेतले तिथे काहीच परत गेले नाही, तर त्या गावात दुसऱ्यांदा कोणी दार उघडत नाही, आणि ते योग्यच आहे.

सुरुवात कोणापासून करावी हे वयावरून ठरवावे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ज्यांना कळते वय होते ते आता नव्वदीच्या घरात आहेत. बहात्तरला खडीवर गेलेली वीस वर्षांची पोर आज सत्तरी ओलांडून गेली. सरपंच, आमदार, मुख्याध्यापक यांचे काही ना काही कागदावर राहणारच आहे. यादीत सर्वांत वर मोट हाकलेला माणूस आणि जात्यावर गायलेली बाई लिहावी, आणि त्यांच्याकडे या आठवड्यातच जावे.